खालचा रंग

लिनवुड टॉरेची गोष्ट आमच्या ग्रिंडल बेटावर अजून हसत हसत सांगतात. स्वतःचेच पिंजरे स्वतःच्या सुरीने तोडून आलेला शहाणा, म्हणून. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांना धक्क्यावर बसवून सांगतात, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेलेसुद्धा नव्हते. लिनवुड माझा धाकटा भाऊ. त्याच्या बोटीवर मागे उभी राहून पिंजऱ्यांत आमिष भरण्यात माझी अर्धी हयात गेली, आणि हातांचा खाऱ्या हेरिंग मासळीचा वास काही गेला नाही. तेव्हा ही गोष्ट सांगायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. ज्यांना हसायचं आहे त्यांनी धक्क्यावर जावं.

मुळात ती लिनची गोष्टच नाही. त्याच्या बायकोची, नेल्डाची आहे.

नेल्डा चित्रं काढायची. शहरातल्या बायका उन्हाळ्यात येऊन दीपगृहाची आणि सूर्यास्ताची काढतात तसली नव्हेत. फुटक्या पिंपातली मासळी, माझे सुजलेले हात, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले आमचे बाबा, असलं काहीतरी काढायची. तेही छपराच्या उरलेल्या फळ्यांवर.

"अगं, जे रोज बघून वीट आलाय तेच भिंतीवर कशाला टांगायचं?" मी विचारायची.

"तू बघतेस कुठे, बर्निस? तू नुसती धुतेस आणि पुसतेस," ती म्हणायची.

खरं होतं ते. तिने काढलेले माझे हात पाहिले तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची कीव आली.

पण चित्रांना वेळ कुठून आणायचा? आमच्याकडे घराचं एक गणित असतं. पाण्यावरचं सगळं पुरुषाचं, जमिनीवरचं सगळं बाईचं. मी विधवा, मूल ना बाळ, म्हणून मला पाण्यावर जायची मुभा. नेल्डाच्या वाट्याला जमीन आली. जमीन म्हणजे घर, कोंबड्या, जळण, पिंजऱ्यांच्या जाळ्या विणणं आणि आमचे बाबा. बाबांच्या डोक्याची तोवर चाळण झाली होती. आई जाऊन किती वर्षं झाली हे त्यांना आठवत नसे, आणि दर दोन-चार दिवसांनी ते नव्याने विचारत आणि नव्याने रडत. त्यांना समजावायचं, भरवायचं, धक्क्याकडे निघाले की हात धरून परत आणायचं. सुनेने करायचं ते सगळं नेल्डाने केलं, आणि लेकीने करायचं तेही तिनेच केलं. मी बोटीवर होते ना.

आणि शिवाय बोये. शेवंडीचा पिंजरा समुद्राच्या तळाशी बसतो, त्याला दोर, आणि दोराच्या वरच्या टोकाला पाण्यावर डुलणारा लाकडाचा बोया. त्या बोयाच्या रंगावरून पिंजरा कुणाचा ते कळतं. आमच्या घराचा रंग पिवळा, मधे काळा पट्टा. आजोबांनी घेतलेला, बाबांनी चालवलेला, आता लिनचा. माणूस मरतो, बोट विकली जाते, पण रंग घरातच राहतो. हिवाळ्यात पिंजरे वर काढले की शेकडो बोये घरी येतात. ते खरवडायचे, चुलीच्या उबेला वाळवायचे, मग दोन हात रंग द्यायचा. मार्च उजाडायच्या आत सगळे तयार पाहिजेत. नेल्डा चित्रं काढते म्हटल्यावर हे काम तिच्याशिवाय कोण करणार! "अगं, तुझ्या आवडीचंच काम आहे की," असं लिन दरवर्षी म्हणायचा, आणि तो ते मनापासून म्हणायचा. हीच तर पंचाईत होती.

त्या वर्षी उन्हाळी बंगल्यात राहणाऱ्या मिसेस ॲल्डरिच कोंबडीची अंडी न्यायला आल्या आणि पडवीत टेकवून ठेवलेल्या फळ्या बघत तासभर तिथेच बसल्या. त्या शहरातल्या एका चित्रकलेच्या शाळेत शिकवत. जाताना अंडी विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या सांगायलाच, की शाळेत वर्षभराची एक जागा असते, राहण्याजेवणासकट, मोठ्या वयाच्या माणसासाठी. फेब्रुवारी संपायच्या आत बारा चित्रं पाठव. बाकी मी बघते.

नेल्डा तेव्हा चाळिशीला टेकलेली. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे गाल तापल्यासारखे लाल होते.

"बारा चित्रं?" मी म्हटलं. "एका हिवाळ्यात तुझे बारा मोजे तरी विणून होतात का?"

"मोज्यांसाठी मी कधी जीव टाकला नव्हता," ती म्हणाली. "बर्निस, मला हे पाहिजे. मला दुसरं काही नको, कधी मागितलंही नाही. एक वर्ष. मग मी मरेपर्यंत बोये रंगवीन."

लिनला तिने जेवताना विचारलं. मी तिथेच होते. त्याने बीन्सची बशी पुसून काढली, पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "जा की. बर्निस बघेल बाबांना, मी दुसरा कोणी तरी घेईन बोटीवर. पण बोये झाले पाहिजेत हं. बोये नाहीत तर वसंतात मी पाण्यात काय, माझी टोपी तरंगवू?"

कुणी म्हणेल काय दुष्ट नवरा. नव्हता दुष्ट. बेटावरच्या दहांपैकी नऊ जणांनी बशी पुसायच्या आधीच नाही म्हटलं असतं.

त्यात ऑक्टोबरच्या वादळाने आमचे शंभरावर बोये नेले. आधीच वर काढलेले पिंजरे वाचले, पण धक्क्यावरचे दोर आणि बोये कुठल्या कुठे वाहून गेले. लिन म्हणाला, "नवे बघ कुठून तरी." जमिनीवरचं काम, म्हणजे तिचं. नवे करवून घ्यायला वेळ नव्हता. म्हणून नेल्डाने काय केलं, तर पलीकडच्या बंदरात ऑगस्टा पिंकमकडे गेली. ऑगस्टाचा नवरा रॉस्को उन्हाळ्यात वारला होता. त्याचे बोये तिच्या अंगणात ढिगाने पडून होते, लाल, मधे पांढरा पट्टा. ती म्हणाली, "चुलीत घालणार होते. ने बाई." नेल्डाने ते बटाट्याच्या पोत्यांत भरून आणले आणि लिनला सांगितलं एवढंच, की मिळाले. कुणाचे, ते सांगितलं नाही. कारण टॉरे आणि पिंकम एकमेकांच्या प्रेतयात्रेलासुद्धा रस्त्याच्या दोन बाजूंनी चालतात. पिंकमांचं लाकूड घरात आलंय म्हटल्यावर लिनने ते परत फेकून यायला लावलं असतं. तिने विचार केला, पिवळ्या रंगाखाली गेलं की लाकडाला आडनाव कुठलं?

तो हिवाळा मी विसरणार नाही. सकाळी बाबा, दुपारी जाळ्या, आणि बोये आणि चित्रं जेव्हा जमेल तेव्हा. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. ज्यांना एकच दगड देऊन ठेवलाय त्यांनी दुसरं काय करावं, ते कुणी सांगत नाही. आमच्या घरात उबदार जागा एकच, स्वयंपाकघरातली चूल. तिथे दरवर्षी बोये टांगलेले असत. त्या वर्षी तिथे फळ्या उभ्या होत्या. चित्राचा रंग थंडीत धरत नाही, ती म्हणाली, उजेडही खिडकीपाशीच चांगला. बोये गेले बाहेरच्या खोपटात. तिथे इतकी थंडी, की रंगाच्या डब्यावर साय धरायची. बोटं फुंकत फुंकत ती रंगवायची. आधी आमचे जुने बोये नीट खरवडून केले. पिंकमांचे राहिले ते अगदी शेवटी, फेब्रुवारीत, चित्रांची पेटी जायच्या आठवड्यात. ते ओलसर होते. ते खरवडलेच नाहीत. लालवरच एक हात पिवळा, पट्टा काळा, वर आमचा परवान्याचा नंबर, झालं.

मी एकदा खोपटात डोकावले तेव्हा म्हटलंही, "इथे वाळायचे कसे गं हे?"

"वाळतील," ती म्हणाली. तिच्या एका गालावर निळा रंग होता आणि एका गालावर पिवळा. मला हसू आलं. किती सुखात दिसत होती ती.

एप्रिलमध्ये मिसेस ॲल्डरिचचा फोन धक्क्यावरच्या दुकानात आला. जागा मिळाली. सप्टेंबरपासून. नेल्डा दुकानातून घरापर्यंत पळत आली आणि समोर बाबाच बसले होते, म्हणून पहिल्यांदा तिने त्यांनाच सांगितलं. "बाबा, मी शाळेला जाणार!" आणि नवल बघा, ज्या डोक्यात सकाळचा नाश्ता दुपारपर्यंत टिकत नव्हता, त्या डोक्यात ही गोष्ट रुतून बसली. दुसऱ्या दिवशी ते उठल्या उठल्या म्हणाले, "पोरी, निघालीस का? बोट चुकेल हं." तिसऱ्या दिवशीही तेच. आई गेल्याचं विसरले, माझं नाव विसरले, पण हे नाही. नेल्डा हसायची. "अजून वेळ आहे, बाबा."

मे महिन्यात लिनने पिंकमांच्या लाकडाचे सगळे बोये एकाच रांगेत टाकले, बाहेरच्या खोल पाण्यात, कारण नव्या दोरांची लांबी तिथे पुरायची. आणि लगेच आमचं इंजिन बिघडलं. सुटा भाग किनाऱ्यावरून यायला दोन आठवडे लागले. दोन आठवडे ऊन, लाटा आणि समुद्रगवताची घासाघीस. वाळलेल्या बोयाला त्याचं काही वाटत नाही. पण हा रंग लाकडाला चिकटलाच नव्हता. भाजलेल्या बटाट्याची साल निघावी तसा तो निघाला असणार, नंबरासकट.

इंजिन दुरुस्त झालं त्या सकाळी धुकं होतं. आम्ही बाहेरच्या रांगेवर पोचलो तेव्हा ते विरळ व्हायला लागलं, आणि लिनने एकदम इंजिन मंद केलं.

"बर्निस," तो म्हणाला. "इकडे ये. बघ."

आमच्या पाण्यात, आमच्या जागेवर, लाल-पांढरे बोये डुलत होते. एकामागून एक, धुक्यात जात होते तिथपर्यंत. आमचा पिवळा एकही नाही.

आता आमच्या समुद्राची एक रीत आहे. परक्याचा बोया आपल्या पाण्यात दिसला तर आधी त्याच्या दांडीला दोराची गाठ मारायची. ही ताकीद. मालकाने समजून घ्यावं आणि गुमान निघून जावं. पुन्हा दिसला तर मग सुरी. दोर कापला की पिंजरा तळाशी कायमचा गेला. पण इथे गाठ कसली मारायची? लिनच्या डोळ्यांना दिसलं ते असं, की पिंकमांनी आमची सगळी रांग तोडली आणि वर आमच्याच जागेवर आपली टाकली. रॉस्को मेला तरी त्याचा पुतण्या व्हर्नन त्याच रंगांवर मासेमारी करत होता.

"दोन आठवडे बोट धक्क्यावर काय राहिली, तर भडव्यांनी घर लुटलं!" लिन ओरडला. मीही पिंकमांच्या सात पिढ्या काढल्या, खोटं कशाला बोलू.

त्याने आकडीने बोया ओढायचा, सुरी फिरवायची, बोया माझ्या पायाशी फेकायचा. पुढचा. पुढचा. दोराकडे बघितलं असतं तरी कळलं असतं, कारण लिन गाठ मारतो तशी गाठ खाडीत दुसरं कोणी मारत नाही. पण रागाला डोळे नसतात आणि धुक्यात आम्हालाही नव्हते. सगळी रांग त्याने कापली. शंभरावर पिंजरे. परत येताना तो शीळ घालत होता.

दुपारपर्यंत बंदरातले सगळे पुरुष आमच्या स्वयंपाकघरात. लाल बोये अंगणात ढीग करून ठेवलेले, प्रत्येक जण येताना एकदा लाथ मारून आत येत होता. हायरम म्हणून एक म्हातारा बंदराचा मुखिया होता, तो मधल्या खुर्चीत बसला. ठरलं असं, की उद्या पहाटे सगळ्या बोटी पलीकडे न्यायच्या आणि व्हर्नन पिंकमचा एकही पिंजरा ठेवायचा नाही. कोणी तरी म्हणालं, बंदुका घ्या. कोणी नको म्हणालं नाही. मागच्या खेपेला असंच झालं होतं तेव्हा एक बोट जळाली होती आणि हायरमच्या भावाचा डोळा गेला होता.

नेल्डा सगळ्यांना कॉफी ओतत होती. जळण आणायला म्हणून ती अंगणात गेली. खिडकीतून मी पाहिलं, ती ढिगापाशी थांबली, एक बोया उचलला, त्याच्या दांडीच्या खाचेत नख घातलं आणि नखाकडे बघत राहिली. मग दुसरा उचलला. मग जळणाच्या ओंडक्यावर खाली बसली.

ती किती वेळ बसली होती ते मला सांगता येणार नाही. आत बंदुकांची मोजदाद चालली होती. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. पण तिला सगळं कळलं होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कधीच पत्ता लागला नसता. सप्टेंबर आला असता, ती बोटीत बसली असती. मधल्या काळात व्हर्नन पिंकमचं किंवा आणखी कुणाचं काय व्हायचं ते झालं असतं. आणि बोलली, तर तिची शाळा त्याच स्वयंपाकघरात बुडणार होती. शंभर पिंजरे गेलेल्या घरातून बाई वर्षभर चित्रं शिकायला जाते, असं आमच्याकडे होत नाही. असं कुठे होत असेल असं मला वाटतही नाही.

ती आत आली. एका हातात बोया, दुसऱ्या हातात तिची रंग खरवडायची पातळ सुरी, चित्रांची. टेबलावरचे कप बाजूला सारून तिने बोया मधोमध ठेवला.

"लिन, हे आपले आहेत," ती म्हणाली.

"काय आपले?"

"बोये. तू आज आपलेच पिंजरे तोडलेस."

कोणी तरी फिस्सकन हसलं. हायरम म्हणाला, "पोरी, रंग दिसत नाही का तुला? तू तर चित्रकार ना?"

दांडीच्या खाचेत सुरीचं टोक घालून तिने खरवडलं आणि पिवळ्या रंगाचा कपटा पांढऱ्या टेबलावर पडला. मग दुसरा. एका बाजूला काळ्या पट्ट्याचा तुकडा अजून धरून होता, तोही तिने काढला. "ऑगस्टाकडून आणले होते मी. रॉस्कोचे. खरवडले नाहीत नीट. खोपटात वाळवले, ते वाळलेच नाहीत." शाळेत फळ्यावर उत्तर सोडवून दाखवावं तशी ती एकेक कपटा काढून ओळीने मांडत होती.

मग हायरम हसायला लागला. आधी तो, मग सगळे. टेबल बडवून, डोळे पुसून हसले. आता मला वाटतं ते सुटल्याचं हसू होतं. उद्या कुणाला मरायला लागणार नव्हतं. "आपल्याच पायावर कुऱ्हाड ऐकली होती रे, लिनवुड," हायरम म्हणाला, "पण तू तर ती धार लावून मारलीस!" दुसरा म्हणाला, "उद्या स्वतःच्या बोटीला गोळी घालू नकोस म्हणजे झालं!"

लिन एकटाच हसला नाही. सगळे पांगले, तेव्हा तो टेबलावरच्या कपट्यांकडे बघत म्हणाला, "दरवर्षी बोये चुलीपाशी वाळतात."

"हो."

"मग या वर्षी चुलीपाशी काय वाळत होतं?"

"चित्रं," नेल्डा म्हणाली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हात उगारला असता तर मी चिमटा घेऊन मधे पडले असते. तो फक्त उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "जा तू सप्टेंबरला. मी अडवणार नाही. टॉरेंचं नाक गेलंच आहे, निदान चित्रं तरी होऊ देत." आणि धक्क्यावर गेला, आणि धक्क्यावरून आलेलं हसू आम्हाला घरापर्यंत ऐकू आलं.

तळाशी गेलेले पिंजरे काढायचा एक उपाय असतो. दोराला काटेरी नांगर बांधायचा आणि तळावरून ओढत राहायचा. दहा फेऱ्यांत एखादा पिंजरा लागतो. ते दोघांचं काम आहे, एकाने बोट सांभाळायची, एकाने दोर. लिनने मला नेलं नाही. "आज तू राहा," म्हणायचा. इतर कुणाला बोलवायचं म्हणजे त्याची थट्टा ऐकायची. तो रोज एकटा जाऊ लागला. महिनाभरात त्याने मूठभर पिंजरे काढले. जुलैत एका दुपारी नांगर तळाशी खडकात अडकला, दोर ताणला गेला, आणि दोर ओढणाऱ्या चाकात त्याचा उजवा हात गेला.

डाव्या हाताने सुकाणू धरून तो बोट धक्क्यापर्यंत घेऊन आला. हात स्वेटरमध्ये गुंडाळलेला. धक्क्यावर तेव्हा कोणी हसलं नाही. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी मनगटाच्या वरून हात काढला.

नेल्डाने कुणाला काही विचारलं नाही आणि कुणी तिला काही सांगितलं नाही. हॉस्पिटलमधून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लिनचे रबरी बूट घातले, आत मोजे कोंबले, आणि माझ्या आधी बोटीवर जाऊन उभी राहिली. सुकाणूपाशी. "मला दाखव," ती म्हणाली.

दाखवलं. ती चांगली शिकली. चित्रं काढणाऱ्या माणसाला पाणी लवकर कळतं, का कोण जाणे. बाबांना बघायला आता लिन होता, एका हाताचा.

सप्टेंबरच्या ज्या दिवशी तिला जायचं होतं त्या दिवशी आम्ही आतल्या पाण्यात पिंजरे ओढत होतो. टपालाची बोट अगदी जवळून गेली. तिच्या कप्तानाला माहीत होतं, नेल्डाची जागा त्याने धरून ठेवली होती. त्याने भोंगा वाजवला, एकदा, लांब. मला वाटतं त्याला हात करायचा होता तसा तो भोंगा होता. नेल्डाने मान वर केली नाही. ती पिंजऱ्यातली शेवंड मापून बघत होती. लहान निघाली. तिने ती परत पाण्यात टाकली आणि पुढचा बोया धरला.

मला त्या वेळी कुणाचा राग आला ते आजही धड सांगता येत नाही. लिनचा म्हणावा तर त्याने जा म्हटलं होतं. तिचा म्हणावा तर तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? कुणी अडवलं नाही, आणि तरी बाई जागची हलली नाही. असल्या गोष्टीचं काय करायचं असतं?

मिसेस ॲल्डरिच पुढच्या उन्हाळ्यात आल्या. धक्क्यावर त्यांनी नेल्डाचे दोन्ही हात धरले आणि दचकून सोडले. मिठाने आणि दोराने ते माझ्या हातांसारखे झाले होते. "काही काढलंस का नवीन?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरात आता चित्रकार लिन आहे," नेल्डा म्हणाली. तिला थट्टा करायची नव्हती. बोये आता खरंच लिन रंगवायचा, डाव्या हाताने, चुलीपाशी बसून. पट्टे वाकडे यायचे. तिने त्याच्यापाशी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

आणि या सगळ्यात बाबा रोज विचारत राहिले. नेल्डा पाण्यावरून आली, बूट काढत असली, की आतून आवाज यायचा, "पोरी, निघालीस का? बोट चुकेल हं."

"उद्या, बाबा."

रोज तेच. त्यांना कालचं आठवत नसल्यामुळे त्यांचा आनंद रोज ताजा असायचा. लिन समोर बसलेला असायचा. तो कधी त्यांना गप्प करायचा नाही. मला मात्र ते ऐकवायचं नाही. एकदा मी दटावलं, "बाबा, पुरे आता!" तर नेल्डाच माझ्यावर खेकसली, "विचारू दे त्यांना!"

दोन हिवाळे गेले. फेब्रुवारीची दुपार होती. स्वयंपाकघरभर दोऱ्यांना बोये टांगलेले, पिवळे, ओले. लिन रंगवत होता, नेल्डा आणि मी जाळ्या विणत होतो. बाबा झोपेतून जागे झाले, इकडेतिकडे बघितलं आणि नेल्डा दिसली तसे उजळले.

"पोरी, निघालीस का? बोट चुकेल हं."

नेल्डाची विणकामाची सुई थांबली. मी वाट बघत होते तिच्या त्या 'उद्या, बाबा'ची.

"जाऊन आले, बाबा," ती म्हणाली.

"जाऊन आलीस? कधी?"

"झालं की. वर्षभर होते तिकडे. तुम्ही विसरलात."

बाबा खुर्चीत सावरून बसले. चेहऱ्यावर इतकं कौतुक, की बघवेना. "अगं, मग सांग ना! काय शिकवलं तिथे?"

नेल्डाने डोक्यावर टांगलेल्या एका बोयाकडे बघितलं. जरा विचार केला. "आधी खालचं सगळं खरवडून काढायचं, बाबा. अगदी लाकडापर्यंत. मग रंग लावायचा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग बोयांकडे बघितलं. "एवढंच?" तो हिरमुसून म्हणाला. "अगं, हे तर मी घरीच शिकवलं असतं."

लिनने ब्रश डब्यात ठेवला. उठला, आणि डाव्या हाताने चुलीत ओंडका सारून बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तिथेच उभा राहिला. नेल्डाने सुई पुन्हा चालवायला घेतली.

त्यानंतर बाबा आणखी तीन-चार वर्षं जगले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. घरात विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.